गिटारवाल्यांनो, घरच्या खोलीत स्वतःचं गाणं असं बनवा

चार-सहा कॉर्ड बसलेत, स्वतःची एक चाल डोक्यात घोळतेय, पण गाणं काही पुरं होत नाही, अशी पोरं-पोरी आपल्या सांगली-मिरजेत गल्लोगल्ली आहेत आणि भेटलं की पहिला प्रश्न एकच, "माईक कुठला घेऊ?" माझं मत विचाराल तर माईकचं नंतर बघू, आधी गाणं एका गिटारवर आणि एका आवाजात उभं राहिलं पाहिजे. मोबाईलवर साधं रेकॉर्ड करा, दोन दिवस ऐकू नका, मग लावा. मुखडा आपोआप तोंडात आला तर पुढं जा, नाहीतर त्याच्यावर वीस ट्रॅक चढवून पण फरक पडत नाही.

सगळ्यात आधी पट्टी. आपल्याला हाताला सोपं म्हणून आपण सी किंवा जी धरून बसतो आणि अंतऱ्यात गाणाऱ्याचा गळा ताणतो. उलटं करायचं, गाण्यातला सगळ्यात वरचा सूर ओरडल्याशिवाय कुठं लागतो ते बघा आणि तिथून पट्टी ठरवा. आपल्याकडं भजनात, क्लासात गायलेली माणसं काळी एक, काळी चार असंच पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतात, तेव्हा गोंधळायचं नाही, काळी एक म्हणजे सी शार्प, कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर आणि सीचे शेप. काळी चार म्हणजे जी शार्प, कॅपो तिथंच पण शेप जीचे. काळी पाच हवी तर जीचेच शेप ठेवून कॅपो तिसऱ्यावर.

आता शब्द, इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ कानाला लगेच कळतं. ‘माझी’ मध्ये मा पण लांब, झी पण लांब, त्यामुळं समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, बिनधास्त टाका, छान बसतो. त्याच जागी ‘तुझी’ टाकून बघा, तु आखूड आहे, तो समेवर ओढला की तूऽऽझी असं काहीतरी विचित्र होतं. मग काय करायचं, तर तु समेच्या आधीच्या अर्ध्या बीटवर उचलायचा आणि झी समेवर आणायची. ‘नदी’, ‘कधी’, ‘जरा’ सगळ्यांना हेच लागू. ‘पाऊस’ सारखा शब्द ओढायचा असेल तर ऊ ओढा आणि स अगदी शेवटी मिटवा. एकेक ओळ गिटार बाजूला ठेवून नुसती टाळी वाजवत म्हणा, बोलताना जिथं जोर येतो तिथंच गाताना येतोय का बघा. माझ्या मते निम्मी नवी मराठी गाणी परकी वाटतात ती इथंच चुकल्यामुळं.

ठेक्याचं सोपं आहे. आठ मात्रांचा केरवा फोर-फोरमध्ये बसतो, सहाचा दादरा सिक्स-एटमध्ये. चाल दादऱ्याची असताना हाताच्या सवयीनं केरव्याचं स्ट्रमिंग करू नका, एवढंच.

आणि मिरज शेजारी असताना एक गोष्ट करून बघाच. गिटार जाड तारेपासून बारीक तारेकडं डी ए डी जी ए डी अशी लावा, म्हणजे पांढरी दोनचे, म्हणजेच डीचे, सा आणि प मोकळ्या तारांवर सतत वाजत राहतात, आणि त्याच पट्टीतला तानपुरा अगदी बारीक आवाजात खाली ठेवा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. सतारमेकरांच्या दुकानात जाऊन जवारी काढताना, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आवाज जुळवताना ऐका, घोडीवर कानशीच्या चार-दोन हातात तारेचा आवाज कसा उघडतो ते कळलं की रेकॉर्डिंगमध्ये काय ऐकायचं ते पण कळायला लागतं.

आता रेकॉर्डिंग. लॅपटॉप, दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस (माईक-गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा), एक कंडेन्सर माईक आणि बंद हेडफोन, बास. कंडेन्सरला इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण लागतं हे लक्षात ठेवा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला रीपर घ्या, ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, ॲपलवाल्यांना गॅरेजबँड आहेच. खोलीत टाळी वाजवा, टणटण घुमली तर दुसरी खोली बघा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवा, मागं गादी उभी करा, दोरीवर गोधड्या टाका, महागड्या फोमची गरज नाही. फॅन बंद. ऊसाचा हंगाम चालू असेल आणि घर रस्त्याला असेल तर ट्रॅक्टरवाल्यांची गाणी रात्रभर येतात, आतली खोली धरा. इन्व्हर्टर किंवा चार्जरमुळं घूंऽऽ येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा.

माईक बाराव्या फ्रेटसमोर एक वीतभर लांब, तोंड जरासं नेक आणि बॉडीच्या जोडाकडं. साउंडहोलसमोर अजिबात नको, नुसता बूम बूम येतो. लेव्हल उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मधे, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. वाजवताना सॉफ्टवेअरमधला बफर (कमी असला की आवाज कानात उशिरा येत नाही) १२८ ठेवा, मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४. इलेक्ट्रिक असेल तर इंटरफेसचं इन्स्ट बटण दाबून सरळ केबल लावा, ॲम्पचा आवाज नंतर सॉफ्टवेअरमध्ये देता येतो. क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टकटक, लावूनच वाजवा, नाहीतर नंतर ढोलकी-तबला बसवणाऱ्याचे हाल होतात.

स्ट्रमिंग मोठं वाटायला हवं तर तोच भाग दोनदा खरंच वाजवा, एक पूर्ण डावीकडं, एक उजवीकडं. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडं टाकला तर आवाज फक्त वाढतो, रुंद होत नाही.

मिक्समध्ये आधी गिटारचं ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, आवाज जाडजूड वाटला तर २५० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डीबी कमी करा, रिव्हर्ब (घुमारा) गरजेपुरताच. मग डब्ल्यूएव्ही फाईल काढा आणि मोबाईलच्या स्पीकरवर, इअरफोनवर, जमलं तर मित्राच्या गाडीत लावा. गाणं माहीत नसलेल्या माणसाला ऐकवा आणि पहिल्या कडव्याचे शब्द काय होते ते विचारा. सांगता आले नाहीत तर गिटार दोन डीबी खाली घ्या आणि परत ऐकवा.