इटालियन हॉटेलातली वाइन लिस्ट कशी पारखावी

बेळगावात कॅम्पात, टिळकवाडीत पिझ्झा-पास्ता आता सर्रास मिळतो. पण पानंच्या पानं भरलेली वाइन लिस्ट हातात पडते ती बहुधा चोर्ला घाट उतरून गोव्यात गेल्यावर, नाहीतर पुण्या-बंगळूरला. घरचे सगळे आपापलं खाणं सांगून मोकळे होतात आणि लिस्ट तुमच्यापुढे सरकवतात. मग बहुतेक जण सगळ्यात स्वस्त सोडून त्याच्या वरची बाटली मागवतात. त्यापेक्षा पाच मिनिटं लिस्ट वाचा. लिस्ट विचार करून केलीय की नुसती लांबलचक आहे, हे एकही नाव पाठ नसलं तरी कळतं.

आधी एकच ओळ नीट वाचा

‘कियांती’ आणि पुढे किंमत, एवढंच छापलं असेल तर तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. कियांती ही इटलीतल्या तोस्काना भागातली रेड वाइन, ती करणारे शेकडो आहेत. बरी आणि भिकार दोन्ही याच नावाने येतात. धड लिस्टवर उत्पादकाचं नाव असतं आणि द्राक्षं कुठल्या सालच्या तोडणीची, तेही असतं. व्हाइट वाइनला साल हवंच. पिनो ग्रिजो ही व्हाइट ताजेपणीच प्यायची. चार-पाच वर्षं पडून राहिलेली बाटली पूर्ण किमतीला कशाला घ्यायची? प्रोसेक्को या फसफसत्या वाइनला मात्र ही अट लावू नका, ती बहुधा साल न घालताच विकतात. लिस्टवर साल नसेल तर वेटरला सरळ म्हणा, “बाटली आणून दाखवा की.” दाखवायला कां-कूं केली तर समजून जा.

लिस्टमध्ये इटली किती आहे?

कियांती, पिनो ग्रिजो, प्रोसेक्को या तिघांवरच इटली संपत असेल तर मालाचा पुरवठा करणाऱ्याने जे दिलं तेच छापलंय, असं खुशाल धरा. पिएमोंतेची बार्बेरा, पुलियाची प्रिमितीव्हो, सार्दिनियाची व्हेरमेंतिनो यांतलं काही दिसलं तर कुणीतरी डोकं लावून निवड केली आहे. बार्बेरा मला या कामी फार भरवशाची वाटते: आंबटपणा चांगला, म्हणून टोमॅटोच्या सॉसपुढे फिकी पडत नाही, आणि पिएमोंतेच्याच बारोलो या रेडपेक्षा बरीच स्वस्त. बारोलो विकण्याआधी किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. ती महाग असणारच. पण साध्या मार्गरिता पिझ्झाबरोबर ती मागवणं म्हणजे पैसे उधळणं.

एक चकवा लक्षात ठेवा. ‘मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सो’मधलं मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव. ‘व्हीनो नोबिले दी मोंतेपुल्चानो’मधलं मोंतेपुल्चानो हे तोस्कानातलं गाव, आणि ती वाइन मुख्यतः सांजोव्हेसे द्राक्षाची, किंमतही चढी. लिस्टवर नुसतं ‘मोंतेपुल्चानो’ असेल तर लेबल बघितल्याशिवाय हो म्हणू नका. कियांती, बारोलो किंवा व्हीनो नोबिले असेल तर बाटलीच्या गळ्यावर नंबर छापलेली सरकारी कागदी पट्टीही बघा.

किंमत जोखायला देशी बाटली धरा

इटालियन बाटलीचा दुकानातला भाव आपल्याला ठाऊक नसतो, देशी बाटलीचा असतो. म्हणून सुला किंवा फ्रातेल्ली या देशी कंपन्यांची ओळ शोधा आणि हॉटेल दुकानाच्या किती पट लावतंय ते काढा. दुप्पट-अडीचपट मी चालवून घेतो. तिपटीच्या वर गेलं की बाकीची लिस्टही त्याच हिशोबाची असणार. मात्र दुकानाचा भाव त्याच राज्यातला धरा. गोव्यात कर कमी, तिथला आणि बेळगावचा भाव एक नसतो.

फ्रातेल्लीचं नाव उगीच घेतलं नाही. आपल्या अथणीकडची बरीच द्राक्षं बेदाण्याला जातात. तिकडे अकलूजला मात्र फ्रातेल्लीने इटालियन भागीदारांबरोबर सांजोव्हेसे लावली आहे, कियांतीतही मुख्य द्राक्ष तेच. कियांतीच्या नावाखाली काहीतरी पाणचट मिळण्यापेक्षा तिची वाइन बरी.

ग्लासने घेताना

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे ५ ग्लास होतात. ग्लासचा भाव पाचाने गुणा. बाटलीपेक्षा थोडा जास्त निघाला तर ठीक, दीडपट निघाला तर बाटलीच घ्या. ग्लास किती मिलीचा आणि बाटली कधी उघडली, हेही विचारा. “काल” म्हणाले तर चालेल. “बघून सांगतो” म्हणाले तर नवी उघडायला लावा.

बाटली टेबलावर आली की

लेबल आणि साल लिस्टशी ताडून बघा, बाटलीला हात लावा. रेड ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची म्हणतात, पण ती खोली युरोपातली, एप्रिलमधल्या गोव्याची नव्हे. बाटली कोमट लागली तर दहा-पंधरा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा, त्यात संकोच कसला? चाखायला ओततात तो घोट आवडनिवड ठरवायला नसतो, वाइन बिघडली आहे का ते बघायला असतो. पावसाळ्यात माळ्यावरच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला येतो तसला कुबट वास आला तर परत करा. फक्त आवडली नाही म्हणून परत करता येत नाही.

गोव्यात असाल तर उरलेली बाटली गाडीत टाकून घरी आणू नका. परवान्याशिवाय ती कर्नाटकात आणता येत नाही, आणि कणकुंबीला गाडी तपासतात. गाडी चालवणाऱ्याला तर वगळायचंच. उरलेल्यांना पाच ग्लास संपणार नसतील तर ग्लासनेच मागवा.