शापित कुऱ्हाड आणि आमचा गेम: माझा अनुभव

आमच्या डी अँड डी (फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग गेम) फिफ्थ एडिशनच्या गेममध्ये गेम चालवणारा म्हणून मी हौसेने बर्सर्कर अ‍ॅक्स ही शापित जादुई कुऱ्हाड एका खेळाडूला दिली आणि स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. फायटरवाला (योद्ध्याचं पात्र खेळणारा) जाम खूश, हल्ल्याला अन डॅमेजला +१, वर दर लेव्हलमागे १ हिट पॉइंट (पात्राचा जीव) जास्त. आयडेंटिफाय (जादूची वस्तू ओळखायचा स्पेल, म्हणजे मंत्र) मारून पाहिलं, पण त्यात शाप कळत नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पुढच्याच लढाईत गॉब्लिनचा बाण लागला, बेभान होऊ नये म्हणून विज्डम सेव्ह (बचावाचा फासा) १५ चा, पडला ९, आणि गड्याने शेजारी उभ्या क्लेरिकलाच (धर्मगुरूच्या पात्राला) आडवं केलं. टेबलावर एकदम शांतता, चहा तसाच राहिला.

मग मी अजून एक घोळ केला, म्हटलं रिमूव्ह कर्स (शाप काढायचा स्पेल) चालणारच नाही. क्लेरिकवाली म्हणाली, "मग मी तो स्पेल घेऊन काय लोणचं घालू?" बरोबरच होतं तिचं.

शेवटी फायटरवाल्याला बाजूला घेऊन सरळ विचारलं, तुला ही कुऱ्हाड हवीये का नको? त्याला हवी होती! मग शापाचे सगळे नियम पार्टीसमोर (सगळ्या खेळाडूंसमोर) उघड केले, रिमूव्ह कर्स पुस्तकात आहे तसा चालू ठेवला, म्हणजे अट्यूनमेंट (वस्तूशी जुळलेलं जादुई नातं) तुटतं पण कुऱ्हाड शापितच राहते. आता पार्टी त्याला मुद्दाम पुढे पाठवते, कारण बेभान झाला की तो सगळ्यात जवळ असेल त्यालाच मारतो, मग जवळ शत्रूचे ऑर्क असलेले बरे. क्लेरिक ३० फूट मागे. तो स्पेल मात्र ती रोज तयार ठेवते.