पॅकेजिंगचा कचरा कंत्राटदाराकडे सोपवताना या चुका टाळा

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात रोज उतरणाऱ्या मालाबरोबर पुठ्ठ्याची खोकी, माल गुंडाळण्याची पातळ प्लास्टिकची स्ट्रेच फिल्म आणि माल रचण्याची मोडकी लाकडी पॅलेट यांचा ढीग साचतो, आणि तो उचलण्याचे काम अनेक कंपन्या वाहतूक सांभाळणाऱ्या कंत्राटदारावरच सोपवतात. व्यवस्था सोयीची आहे. मात्र कामाबरोबर जबाबदारीही गेली, ही समजूत सर्वांत महाग पडते. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांतील फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनुसार बाजारात आणलेल्या प्लास्टिक वेष्टनाच्या पुनर्प्रक्रियेचे व विल्हेवाटीचे दायित्व उत्पादक, आयातदार किंवा ब्रँडमालकाच्याच नावावर राहते, आणि ते पूर्ण न केल्याबद्दल आकारली जाणारी पर्यावरण भरपाई भरूनही ते संपत नाही.

बहुतेक तक्रारींचे मूळ करारात असते. दर फेरीवर ठरवला, की कंत्राटदाराला गाडी भरण्यात रस उरतो, कचरा वेगळा ठेवण्यात नाही. म्हणून दर वजनावर आणि प्रकारानुसार ठरवावा; पुठ्ठा, पारदर्शक फिल्म, बहुस्तरीय वेष्टन आणि लाकूड यांची नोंद स्वतंत्र ठेवावी.

गोदामाची काटापावती आणि कागद गिरणीची पावती जुळत नसेल, तर कोणावर संशय घेण्याआधी साठवण पाहावी. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेला पुठ्ठा पाणी शोषतो, आपल्या काट्यावर जड भरतो आणि गिरणी ओलाव्यापोटी वजन कापते. गठ्ठे छपराखाली, जमिनीपासून उचलून पॅलेटवर ठेवावेत आणि ओलाव्याची मर्यादा करारातच लिहावी. फिल्मच्या गाठी नाकारल्या जात असतील, तर दोष बहुधा आपल्याच डॉकवर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी, सापडतो: कागदी लेबल आणि चिकटपट्टी फिल्मसोबत गेली, की पुनर्प्रक्रियेतून निघणाऱ्या प्लास्टिकच्या दाण्यांची प्रत घसरते. पॅलेट सोडतानाच लेबलाभोवतीचा तुकडा कापून वेगळ्या पोत्यात टाकण्याची सवय कामगारांना लावावी. माझ्या मते कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा तिचा उपयोग अधिक आहे.

प्लास्टिकवर पुनर्प्रक्रिया झाल्याचे प्रमाणपत्र हाती आले म्हणून निश्चिंत होणे ही तितकीच गंभीर चूक आहे. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत लाखो बनावट प्रमाणपत्रे उघड झाली. पुनर्प्रक्रिया करणाऱ्याची नोंदणी मंडळाच्या पोर्टलवर स्वतः तपासावी, त्याची क्षमता आणि दाखवलेले वजन यांचा मेळ बसतो का ते पाहावे, आणि कंत्राटदाराच्या देयकाचा शेवटचा हप्ता अंतिम ठिकाणची वजनपावती मिळेपर्यंत राखून ठेवावा.