उन्हाळ्यात लेकरं सांभाळताना या चुका टाळा

ओआरएस पाजलं तरी लेकराचे ढाळ थांबेनात, असं कुणी म्हणालं की आधी विचारा, पाकीट किती पाण्यात कालवलं? उत्तर बहुतेक वेळा 'वाटीभर', 'पेलाभर', नाहीतर 'अंदाजानंच' असं येतं. मराठवाड्यात उन्हाळा नवा नाही आणि आपल्या मायमाऊल्यांना लेकराची काळजीही कुणी शिकवायला नको. गडबड होते ती मापात आणि वेळेत.

मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. छोटं २०० मिलीचंही मिळतं, म्हणून आधी पाकिटावरचं वाचा. घरातले तांबे काही एका मापाचे नसतात. विकतच्या पाण्याची लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन ठेवली की माप चुकत नाही. पाकीट एकदाच पूर्ण ओतायचं. 'आज थोडी पावडर टाकू, उरलेली उद्या' हे चालत नाही, कारण चिमटीत मीठ किती आलं आणि साखर किती, हे कुणालाच कळत नाही. पाणी कमी पडलं तर द्रावण घट्ट होतं, ढाळ वाढतात आणि अंगात मीठ वाढून लेकरू आणखी सुकतं. जास्त पाणी घातलं तर उपयोगच होत नाही. कालवल्यावर उकळायचं नाही, दुधात मिसळायचं नाही, वरून साखर टाकायची नाही. २४ तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं.

आणि ओआरएस ढाळ थांबवायला नसतंच! गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायला ते असतं. ढाळ दोन-चार दिवस चालतील, पण लेकरू सुकणार नाही. एवढं पक्कं ठाऊक असलं की 'सलाईन लावाच' म्हणून दवाखान्यात हट्ट होत नाही, की जुलाब बंद करायची मोठ्या माणसांची गोळी अर्धी करून पाजली जात नाही. ती गोळी लहान लेकराच्या आतड्यांची हालचालच मंदावते. तिच्या वाटेला जाऊ नका.

किती द्यायचं? दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, त्यावरच्याला १०० ते २०० मिली. बाटलीनं गटागटा नको. चमच्यानं, मिनिटा-दोन मिनिटांनी एकेक. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा आणखी सावकाश. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट भरायचे, शिगोशीग नाही. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून 'चवीपुरतं' हा हिशेब इथं लावू नका.

दुकानात नुसतं 'ओआरएस द्या' म्हटलं की कधी कधी फळांच्या चवीचं गोड पेय हातात येतं. साखर इतकी असते की ढाळ वाढावेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरी घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघा. ग्लुकोजची पावडर आणि ओआरएस यांत फरक आहे, हे तर किराणावाल्यालाही सांगावं लागतं. त्यापेक्षा आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातून पाकिटं घेऊन घरात ठेवा, फुकट मिळतात.

त्यांच्याकडेच झिंकच्या गोळ्याही मिळतात. सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्याला १० मिलिग्रॅम, चौदा दिवस. ढाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि गोळ्या देवळीत पडून राहतात. पूर्ण चौदा दिवस द्यायच्या. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्यानं कमी होते.

'दात येतायत, हगवण लागणारच' हे आत्याबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं पाठ असतं. दातांमुळे हगवण लागत नाही. त्याच वयात लेकरू रांगतं आणि चप्पल, झाडू, मातीचं ढेकूळ, जे हाताला लागेल ते तोंडात घालतं, म्हणून दोन्ही गोष्टी एकदम येतात. दातांच्या नावावर दोन दिवस वाट पाहिली की तेवढ्यात टाळू खोल जाते. मग टाळू भरायला वरून तेल थापलं जातं. खोल गेलेली टाळू म्हणजे अंगातलं पाणी आटलंय. ती वरच्या तेलानं भरत नाही. पोटावर बिब्ब्याचा डाग देण्याचा सल्ला कुणी देत असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. बिब्ब्यानं कातडी भाजते, आतलं काहीच बरं होत नाही.

ढाळ चालू असताना जेवण तोडू नका. अंगावरचं दूध चालूच ठेवा. वरचं खाणाऱ्याला मऊ खिचडी, वरणभात, केळं, दही द्या. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, शीतून रक्त पडतंय, पाजलेलं सगळं उलटतंय किंवा लेकरू मरगळून पडलंय, यातलं काहीही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका. लेकरांना हगवण लावणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना सरकारी लसीकरणात फुकट आहे. 'ऊन उतरल्यावर बघू' म्हणून ती पुढं ढकलू नका.

तान्ह्या बाळाला पाणी

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा 'घसा सुकला असंल, दोन चमचे पाणी पाज' हे प्रेमानंच म्हटलं जातं. सहा महिन्यांपर्यंत पाणी नको. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. उन्हात फक्त जास्त वेळा पाजायचं आणि आईनं स्वतः भरपूर पाणी प्यायचं. दिवसातून सहा-सात वेळा लघवी होत असेल तर बाळाला पुरतंय. घुटीचंही तेच: सहाण, उगाळायचं पाणी, हात, सगळीकडून जंतू जातात. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नका; त्यातून बॉट्युलिझम हा मज्जातंतूंचा गंभीर आजार होऊ शकतो. सासूबाईंशी वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनाच लसीकरणाला सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. आपलं ऐकत नाहीत, पण डॉक्टरचं ऐकतात.

बाळंतिणीच्या खोलीत मे महिन्यातही शेगडी पेटते, खिडकी बंद असते, बाळ टोपडं घालून दुपट्यात गुंडाळलेलं असतं. वरून पत्र्याचं छत. असं बाळ तापलं की 'ताप आला' म्हणून औषध दिलं जातं. आधी कपडे मोकळे करा, शेगडी बाहेर काढा, अर्ध्या तासानं थर्मामीटर लावा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि पारा ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर असेल, तर घरी औषध न देता दवाखाना गाठा.

तापाच्या औषधाचं माप

पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप एकसारखे नसतात. थेंबांच्या एका मिलीत साधारण १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या पाच मिलीत कुठं १२५, कुठं २५० मिलिग्रॅम. मात्रा वजनावर ठरते, एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे दहा किलोच्या लेकराला १५० मिलिग्रॅम: थेंबांचं दीड मिली, १२५ च्या सिरपचं सहा मिली, २५० च्या सिरपचं तीन मिली. 'मागच्या वेळी पाच मिली दिलं होतं' एवढ्यावर नवी बाटली उघडली की गफलत होते. दोन डोसांत किमान चार तास जाऊ द्या, दिवसात चारहून जास्त नकोत. घरातल्या चमच्यापेक्षा बाटलीबरोबरचं माप वापरा.

ऊन लागून अंग तापलं असेल तर मात्र पॅरासिटामॉल कामाचं नाही. लेकराला सावलीत घ्या, कपडे काढा, अंग साध्या पाण्यानं ओलं करा, पंखा लावा. गुंगीत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, उचलून दवाखान्यात न्या. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, त्यानं नुकसान नाही. फक्त कांदा आहे म्हणून दुपारी साडेबाराच्या लग्नाला तान्हं बाळ मांडवात नेऊ नका. संध्याकाळी जाऊन आहेर दिला तरी पाहुणे रुसत नाहीत.

साठवलेलं पाणी आणि कूलर

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं; साठवण्याची सवय आपल्या हाडात आहे. पण उघडा हौद, टिप, अगदी अर्धी बादलीसुद्धा रांगत्या-चालत्या लेकराला बुडवू शकते. लेकरू डोक्यावर पडलं की त्याला उलटता येत नाही आणि आवाजही होत नाही. घट्ट झाकण लावा. त्याच पाण्यात डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आठवड्यातून एकदा टिपं रिकामी करून घासा. कूलरचंही पाणी बदला. जारचं पाणी थंड असतं, शुद्ध असेलच असं नाही. लहान लेकरासाठी उकळून घ्या.

लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढा. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

विंचू

उकाड्यानं सगळे अंगणात झोपतात आणि जवळच गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या रचलेल्या असतात. लाल विंचवाचं विष लहान लेकराच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर जातं. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध यावर वापरून दाखवलं आणि त्यानं मृत्यू खूप कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध वेळेत पोटात जावं लागतं. मंत्र, चीर देणं, दोरी आवळणं यात नेमकी तीच वेळ जाते. दुखणं कमी झालं म्हणून निर्धास्तही होऊ नका: घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर विष अंगात भिनतंय. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. दवाखान्यात गेल्यावर विंचू किती वाजता चावला आणि घरी काय लावलं, काय पाजलं, ते न लपवता सांगा. डॉक्टरांचं पुढचं सगळं त्यावर ठरतं.