मनी प्लांट, मॉन्स्टेरा आणि कोकणातली दमट हवा: या चुका टाळा

मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अ‍ॅग्लोनेमा ही सगळी अळू-सुरणाच्या कुळातली. घोटाळा बहुधा इथूनच सुरू होतो. अळू न्हाणीच्या पाण्यावर माजतं, तसंच हेही माजेल असं वाटतं. पण मनी प्लांट आणि मॉन्स्टेरा या दोन्ही दुसऱ्या झाडांच्या खोडावर चढणाऱ्या वेली. रानात त्यांची बरीच मुळं सालीला धरून हवेतच असतात. पाऊस येतो, वाहून जातो आणि मूळ पुन्हा सुकतं. कुंडीतल्या चिखलात तेच मूळ गुदमरतं. जून ते सप्टेंबरात झाड बिघडलं, तर पहिला संशय जास्तीच्या पाण्यावर घ्यावा.

मान टाकली की पाणी घालणं

झाड मान टाकतं ते माती सुकली म्हणून, नाहीतर मुळं कुजली म्हणून. वरून दोन्ही सारखीच दिसतात. मुळं कुजलेली असतील तर माती ओलीच असते, फक्त पाणी वर ओढणारं काही उरलेलं नसतं. त्यात आणखी तांब्याभर पाणी ओतलं की उरलंसुरलं मूळही जातं.

म्हणून बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहा, आणि कुंडी उचला. भरल्यावर ती किती जड लागते आणि सुकल्यावर किती हलकी, हे तीन-चार खेपांत हाताला कळतं. 8 इंची कुंडीला मे महिन्यात चार-पाच दिवसांनी पाणी लागत असेल, तर जुलैत तीच कुंडी दहा-बारा दिवस ओली राहू शकते. वार लावून पाणी घालण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही.

शंका आली तर झाड सरळ बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निसटते आणि हातात दोऱ्यासारखी शीर उरते. अशी सगळी मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा, जुनी माती धुऊन काढा, दोन-तीन तास सावलीत ठेवा. मग उरलेल्या मुळांभोवती जेमतेम दोन बोटं जागा राहील अशा लहान कुंडीत लावा. ‘पुन्हा पुन्हा बदलायला नको’ म्हणून मोठी कुंडी घेतली, तर मुळं पोचत नाहीत तिथली माती आठवडेच्या आठवडे ओली राहते.

मुळं पार गेली असतील तर टणक खोडाचा पेर (पान फुटतं ती गाठ) असलेला तुकडा कापून पाण्यात ठेवा, पाणी तीन-चार दिवसांनी बदला. पेर हवाच. मनी प्लांटचं नुसतं पान पाण्यात मुळं धरेलही, पण त्याला वेल फुटत नाही.

परसातली तांबडी माती आणि तळाला खडे

जांभ्याची माती बारीक. कुंडीत दोन-तीन वेळा पाणी पडलं की बसते, आणि सुकल्यावर विटेसारखी घट्ट होते. त्याऐवजी दोन भाग नारळाच्या सोडणाचे नखाएवढे तुकडे, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे घ्या. सोडण दोन दिवस भिजत घालून पाणी बदलत राहा, कोकोपीटही तीन-चार पाण्यांनी धुवा. दोन्हींत क्षार असू शकतात. निंबोळी किंवा शेंगदाणा पेंड घरातल्या कुंडीत पावसाळ्यात नकोच. बुरशी येते, वास सुटतो आणि चिलटं होतात.

‘पाणी निघून जावं’ म्हणून तळाला चिऱ्याचे तुकडे किंवा खडी घालतात. होतं उलटंच. भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळेल. थर जितका उंच, तितकं खाली पाणी निथळतं. खडी घातली की मातीची उंची कमी होते, आणि पाणी खडीत न उतरता वरच्या बारीक मातीत अडून राहतं, म्हणजे नेमकं मुळांपाशी. तळाला भोकं असली की पुरे. बिनभोकाची शोभेची कुंडी आवडत असेल तर आतली साधी कुंडी तीत ठेवा आणि साचलेलं पाणी ओतून टाका.

पानांवर फवारा

कोरड्या हवेतल्या लोकांचा हा सल्ला कोकणात जसाच्या तसा घेतला जातो. इथे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, चपलांवर बुरशी धरते. पानांना आणखी ओलावा कशाला? तासन्‌तास ओल्या राहिलेल्या पानांवर पिवळ्या कडेचे काळपट डाग पडतात. अशी पानं काढून टाका, कुंड्या एकमेकींपासून वीतभर लांब ठेवा, पंखा मंद चालू राहू दे. समुद्राजवळच्या घरात मात्र ओल्या फडक्याने आठवड्याला पानं पुसावीत. बाहेरच्या झाडांवरचं मीठ पाऊस धुतो, आतल्यांवर ते तसंच बसून राहतं.

पानांच्या कडा एप्रिल-मेमध्ये करपत असतील तर विहिरीचं पाणी चाखून पाहा. खाडीकाठी उन्हाळ्यात ते मचूळ होतं. साठवलेलं पागोळ्यांचं पाणी उत्तम (पहिल्या सरींचं सोडून द्यावं, त्यात कौलांवरची घाण असते). क्षार साचलेल्या कुंडीतून तिच्या तिप्पट मापाचं गोडं पाणी हळूहळू वाहून जाऊ द्या.

माजघरातला कोपरा

चिऱ्याच्या जाड भिंती, खाली उतरलेलं छप्पर, त्यात पावसाळ्यात पडवीला बांधलेला झाप किंवा प्लास्टिक. उन्हाळ्यात चालणारा कोपरा जुलैत अंधारा होतो. दुपारी पांढऱ्या कागदावर वीतभर उंच हात धरा. सावलीची बोटं ओळखू येत नसतील तर झाड खिडकीपाशी हलवा. उजेड कमी तेवढं पाणीही कमी, आणि खत बंद. ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर मात्र घाईने अंगणात नेऊ नका. पावसातली कोवळी पानं एका दुपारीत कागदासारखी पांढरी होतात.

पानाच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. नंतर लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घोळवून, आधी एका पानावर पाहून, संध्याकाळी फवारा. दर आठवड्याला, तीनदा. मुंग्यांचाही बंदोबस्त करा, त्याच ही कीड जपतात.

पानं लहानच राहतात ही तक्रार असेल, तर शेजारच्या माडावर चढलेला मनी प्लांट पाहा. तिथे पान सुपाएवढं होतं, बाटलीत ते विड्याच्या पानाएवढंच राहतं. चढायला आधार मिळाला की पान वाढतं, म्हणून काथ्या गुंडाळलेली काठी लावा आणि हवेतली मुळं कापू नका. कापाकापी करायचीच असेल तर हाताला आधी खोबरेल तेल चोळा. चीक अळूसारखाच खाजतो. लहान मुलं आणि मांजरं या पानांपासून लांब ठेवा.