‘बनवाबनवी’ पुन्हा काढायचा तर धनंजय माने कोण? घरबसल्या कलाकार कसे निवडावेत

चार मराठी माणसं आणि चहा एवढं जमलं की हा विषय कधी ना कधी निघतोच. ‘अशी ही बनवाबनवी’ आज काढला तर कुणाला घ्यायचं? पाच मिनिटांत आवाज चढतात आणि दहाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, ‘हात लावू नका रे त्याला!’ आमच्याकडे हे वाक्य मामाचं. त्याला सिनेमा तोंडपाठ आहे, आणि पाठ असलेल्या गोष्टीत बदल केलेला त्याला भाजीतसुद्धा खपत नाही.

मामाला गप्प करायला एक माहिती पुरते. सचिन पिळगांवकरांचा हा १९८८चा सिनेमा स्वतःच नव्याने केलेला आहे. गोष्ट थोडक्यात अशी: अशोक सराफांचा धनंजय, लक्ष्मीकांत बेर्डेंचा परशा, सचिनचा सुधीर आणि सिद्धार्थ रेचा शंतनू या चौघा अविवाहित मित्रांना घर मिळत नाही, तेव्हा परशा पार्वती आणि सुधीर सुधा बनून साडी नेसतो, आणि दोन जोडपी म्हणून ते लीलाबाईंच्या घरात भाड्याने राहतात. त्याच्या आधी १९६६ साली हृषिकेश मुखर्जींनी हीच गोष्ट हिंदीत ‘बीवी और मकान’ नावाने केली होती. तिथे बिश्वजीत, मेहमूद आणि केश्तो मुखर्जी होते. म्हणजे मेहमूदच्या जागी दुसरा कोण शोभणार, असं म्हणून कुणी थांबलं असतं, तर आपल्याला धनंजय माने भेटलेच नसते. तेव्हा कागद-पेन्सिल घ्या. पेनने लिहू नका, खोडावं लागणार आहे.

आधी सिनेमा ऐका

बघू नका, ऐका. फोन पालथा ठेवा आणि पहिला अर्धा तास नुसता आवाज कानावर पडू द्या. चेहरे समोर नसले की कोण कुणाच्या वाक्यावर उभा आहे ते कळतं. अशोक सराफ विनोद करण्यापेक्षा तो दुसऱ्याला करू देण्यात किती वेळ घालवतात, हे मला असंच कळलं. एक छोटा हुंकार, एक अर्धवट सोडलेला शब्द, आणि समोरच्याचं वाक्य फुटतं.

मग कागदावर पात्रांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे एकच ओळ: हा सिनेमात काय काम करतो? ‘विनोदी’, ‘गोड’ असं लिहिलंत तर खोडा. धनंजयपुढे मी लिहिलं होतं: ‘थाप मारतो आणि ती निस्तरतो.’ परशापुढे: ‘थाप उघडी पडेल अशी भीती सतत जिवंत ठेवतो.’ नट शोधायचा तो या ओळीसाठी. अशोक सराफांसारखा कुणी शोधायला निघालात, की फक्त नकलाकार सापडतात.

काळ कुठला, ते ठरवा

हे लोक विसरतात आणि मग निम्म्या निवडी वाया जातात. अविवाहित मुलांना घर मिळत नाही ही अडचण आजही तश्शीच आहे. पुण्यात भाड्याने जागा शोधलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, ‘फक्त फॅमिली’ हे दोन शब्द त्याने किती वेळा ऐकले ते. पण थाप मारण्याची सोय मात्र गेली आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, आधार कार्ड, अंगठ्याचा ठसा, भाडेकरूची पोलिसांकडे नोंद, जिन्यात कॅमेरा. पार्वतीचं आधार कार्ड कुठून आणणार?

म्हणून दोनच वाटा. एक, सिनेमा १९८८ सालातच ठेवा. मग मोबाइलशिवाय उभं राहता येईल असे चेहरे आणि त्या काळची मराठी बोलणाऱ्या जिभा लागतील. दुसरी, आजचा काळ घ्या आणि लीलाबाईंना कागदपत्रांचा मनापासून तिटकारा आहे असं दाखवा. मी पहिली वाट घेतली. दुसरी जास्त मजेदार आहे, पण ती लिहायला मूळ सिनेमा लिहिणाऱ्या वसंत सबनिसांच्या ताकदीचा माणूस आधी शोधावा लागेल, आणि आपण फक्त नट शोधायला बसलोय.

वयाचं गणित

इथे सगळे फसतात. आपल्याला नट आजच्या वयात आठवतात, किंवा सिनेमातली पात्रं सगळी कॉलेजवयीन वाटतात. दोन्ही चूक. चित्रपट आला तेव्हा अशोक सराफ ४१ वर्षांचे होते, लक्ष्मीकांत बेर्डे ३३, सचिन ३१ आणि सिद्धार्थ रे २५. हे आकडे जसेच्या तसे पाळायची गरज नाही, पण त्यांच्यामधलं अंतर पाळा. धनंजय बाकीच्यांपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा दिसतो म्हणूनच तो त्यांचा पुढारी वाटतो. चौघे एका वयाचे घेतलेत तर तो पुढारी राहणार नाही, नुसता आगाऊ वाटेल.

याच नियमाने माझा एक लाडका नट गेला. परशासाठी मी डोळे झाकून सिद्धार्थ जाधव लिहिला होता. अंगात वारं भरल्यासारखा नाचणारा, पडणारा, आणि पडतानाही डोळ्यांत भाबडेपणा ठेवणारा. पण माझा धनंजय त्याच्यापेक्षा फार मोठा नव्हता, आणि दोघं शेजारी उभे केले की मित्र दिसायचे, ‘बायको’ला दटावणारा धनंजय दिसायचा नाही. आठवडाभर मी नियम वाकवून पाहिला. शेवटी नाव खोडलं.

सुरुवात धनंजयपासून

यादी वरून खाली लिहीत जाऊ नका. ज्याच्यावर बाकीचे टेकतात तो आधी ठरवा, मग एकेक माणूस त्याच्या शेजारी उभा करून बघा. मूळ सिनेमाचं यश मला इथेच दिसतं. ही माणसं सेटवर पहिल्यांदा भेटली नव्हती. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत १९८५च्या ‘धुमधडाका’त एकत्र होते, सचिन आणि अशोक सराफ ‘नवरी मिळे नवऱ्याला’ आणि ‘गंमत जंमत’मध्ये. कोण कुठे श्वास घेतो हे एकमेकांना ठाऊक होतं.

माझा धनंजय जितेंद्र जोशी. कारण आवाज. त्याच्या बोलण्यात गोडवा आणि लबाडी एकाच वेळी येऊ शकते, आणि थाप पकडली जातेय असं वाटताच तो गंभीर झाला की आपणही क्षणभर विश्वास ठेवतो. धनंजयला एवढंच लागतं. विनोदी नट घेण्यापेक्षा विनोद करता येणारा गंभीर नट घ्या, असं माझं मत. मामाचं मत वेगळं आहे, ते पुढे येईल.

एक आडवाट सांगतो. आधीपासून जमलेला गटच उचलता येतो का ते बघा. २०१५ साली आलेली ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ही मालिका आठवते? एका घरात राहणारी सहा मुलं-मुली. त्यातला अमेय वाघ, सुव्रत जोशी आणि पुष्कराज चिरपुटकर यांना एका खोलीत सोडलं तर ओळख करून द्यावी लागणार नाही. असा तयार मेळ मिळणं हे कुठल्याही मोठ्या नावापेक्षा जास्त मोलाचं.

दोन साड्या, दोन वेगळी कामं

आता खरा पेच. साडी दोघं नेसतात, म्हणून लोक दोघांना एकाच मापाने मोजतात: कोण साडीत गमतीदार दिसेल? पण सुधा आणि पार्वती यांचं काम अगदी उलट आहे. सुधा खरी वाटली पाहिजे. पार्वती खरी वाटता वाटता राहिली पाहिजे. दोघी खऱ्या वाटल्या तर भीती संपते, दोघी खोट्या वाटल्या तर लीलाबाई मूर्ख ठरतात.

मराठी रंगभूमीवर या दोन्ही परंपरा आहेत. एकीकडे बालगंधर्व. त्यांची साडी आणि दागिने पाहून घरंदाज बायका आपली फॅशन ठरवायच्या. दुसरीकडे अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’त विजय चव्हाण. तिथे आत पुरुष आहे हे प्रेक्षक एक क्षणही विसरत नाही, आणि मजा त्यातच. सुधा पहिल्या घराण्यातली, पार्वती दुसऱ्या.

तेव्हा नट निवडताना प्रत्येकाला मनातल्या मनात एकच काम द्या: पदर सावरून पाटावर बसायचं. सुधाच्या नटाने ते असं करावं की आपलं लक्षच जाऊ नये. पार्वतीच्या नटाने बसताना आधी गुडघे फाकवावेत, मग आठवून जवळ घ्यावेत. माझी सुधा अमेय वाघ. त्याला प्रेमकथाही सांभाळता येते, आणि सुधीरला ती आहेच. पार्वती ओंकार भोजने. ‘हास्यजत्रे’त त्याचं गोंधळलेलं निरागसपण पाहिलंय त्यांना कारण सांगायला नको. डोहाळजेवणाच्या गाण्यात त्याचा चेहरा कसा होईल, हे मला आत्ताच दिसतंय.

एक धोका आहे. पुरुषाने साडी नेसली हाच विनोद, असे कार्यक्रम गेल्या काही वर्षांत इतके झालेत की प्रेक्षक त्याला विटलाय. मूळ सिनेमात साडीला हसत नाहीत, अडचणीला हसतात. ज्या नटाला साडी नेसताच कंबर हलवाविशी वाटते तो यादीतून काढा, कितीही लोकप्रिय असो.

मॅडम, लीलाबाई, सरपोतदार आणि शंतनू

माधुरी मॅडमला हसवायचं नसतं, तिने धनंजयवर विश्वास ठेवायचा असतो. अश्विनी भावे तेव्हा अगदी तरुण होत्या. इथे मी मुद्दाम बदल केला आणि मुक्ता बर्वे लिहिलं. दुकानाची मालकीण धनंजयच्या बरोबरीची, तोलामोलाची असली तर थाप मारणं आणखी अवघड होतं. लिंबू कलरच्या साडीची वाट बघणाऱ्यांची मी आधीच माफी मागतो.

लीलाबाई काळभोर हे सगळ्यात नाजूक पात्र. नयनतारांनी ते असं केलं की या अधू डोळ्यांच्या बाईला फसवताना हसणाऱ्याला थोडं वाईट वाटावं. नुसती खाष्ट म्हातारी घेतलीत तर पोरांची लबाडी फुकट माफ होते. माझी निवड वंदना गुप्ते: दरारा आहे, आणि मायाही.

मुलांना बाहेर काढणारे आधीचे घरमालक सरपोतदार थोडाच वेळ आहेत, पण सुधीर जोशींनी त्यात अख्खं पुणं बसवलं. इथे आनंद इंगळे.

शंतनूची जागा मी रिकामी ठेवली आहे, आणि तुम्हीही एक ठेवा. सगळेच ओळखीचे चेहरे असले की गोष्ट दिसत नाही, पाहुण्यांची यादी दिसते. पुण्यात १९६३पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा चालू आहे. तिथल्या एखाद्या एकांकिकेत मागे उभा असलेला मुलगा पुढे आणायचा असेल तर जागा हीच.

गाजलेल्या वाक्यांचं काय?

सत्तर रुपये, इस्राईलचं औषध वगैरे. ही वाक्यं नटाच्या आधी थिएटर म्हणेल. नव्या नटाने ती म्हटली तर तुलना होणार, गाळली तर शिव्या. माझा तोडगा: तीनच ठेवा आणि माणसं बदला. जे वाक्य धनंजयचं होतं ते लीलाबाईंच्या तोंडी गेलं तर नवं होतं. कुठलं वाक्य कुणाला, हे ठरवताना तुमची निवड बरोबर आहे की नाही तेही समजतं. एखाद्या नटाच्या तोंडी एकही जुनं वाक्य बसत नसेल तर काळजी करू नका. सगळीच बसत असतील तर मात्र करा, कारण तुम्ही नक्कल निवडली आहे.

शेवटी वाचून बघा

यादी झाली की एक प्रसंग घरातल्या माणसांना वाटून द्या आणि मोठ्याने वाचा. प्रत्येकाने आपल्याला दिलेल्या नटाच्या लयीत वाचायचं, मूळ नटाच्या नाही. दोन पानांत कळतं. आमच्याकडे भावाने परशा वाचला, तो तिसऱ्या वाक्याला लक्ष्मीकांत झाला. ती चूक ओंकारची नव्हती, भावाची होती, पण त्यातून धडा हा घेतला की परशाला नवी वाक्यं सगळ्यात जास्त लागतील.

सरपोतदार वाचायला कुणी नव्हतं, म्हणून ‘हात लावू नका’वाल्या मामाला बसवलं. त्याने चष्मा लावला, घसा खाकरला आणि मुलांना घराबाहेर काढायचा प्रसंग इतक्या मनापासून वाचला की शेजारच्या काकू दारात येऊन काय झालं विचारून गेल्या. परवा यादी काढली, तर आनंद इंगळेंच्या नावावर काट मारलेली. पुढे मामाचं नाव, पेनने.