सूर्यघड्याळाची तबकडी कोरताना या चुका टाळा

नाशिकमधल्या सूर्यघड्याळांचा घात बहुतेक वेळा शेजारचा दुरुस्तीचा आलेख करतो. लोक नेटवरून कालसमीकरणाचा, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतल्या वर्षभर बदलणाऱ्या फरकाचा, आलेख उतरवतात आणि तसाच कोरायला देतात. त्यात सूर्याची चाल तेवढी असते, नाशिक नसतं. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, नाशिक ७३.८ अंशांवर. अंशाला ४ मिनिटं धरली की ३५ मिनिटांचा फरक बाराही महिने राहतो.

एका शाळेच्या आवारात असाच पितळी पत्रा होता. वर अधिक, खाली उणे. पण कशातून उणे, हे कुठेच लिहिलेलं नाही. फेब्रुवारीत सावली बारावर आली की मुलं १४ मिनिटं वजा करून वहीत ११:४६ लिहायची, तेव्हा मनगटावर १२:४९ झालेले असायचे. सूर्यघड्याळ बिघडलं म्हणून शाळावाले ते काढायला निघाले होते. त्याची एकही रेघ चुकलेली नव्हती! पत्रा मात्र नवा करावा लागला.

मी ३५ मिनिटं आलेखातच मिसळतो. मग फेब्रुवारीच्या मध्याला ४९, मेच्या मध्याला ३१, जुलैअखेरीस ४१, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १९. नाशिकला वजाबाकी कधीच लागत नाही, म्हणून उण्याचं चिन्ह कोरूच नका. वर एवढंच लिहा: ‘सावलीच्या वेळेत इतकी मिनिटं मिळवा’.

दुसरी खोड आकड्यांची. नाशिकच्या २० अक्षांशावर आडव्या तबकडीत १२ आणि १ च्या रेघांमध्ये जेमतेम ५ अंश असतात, ५ आणि ६ मध्ये ३८. त्रिज्या १५ सेंमी असेल तर दुपारच्या आकड्याला दीड सेंमीही मिळत नाही. नवशिके सहाचा आकडा ऐटीत काढतात आणि ‘११’, ‘१२’ कोंबतात. आधी ११, १२, १ खऱ्या मापात कागदावर बसवा. बाकीचे आकडे त्याच उंचीचे ठेवा. अर्ध्या तासाला नुसती रेघ पुरे.

भिंतीवरच्या घड्याळासारखे आकडे ३० अंशांवर मांडू नका. लंडनचा साचा वापरू नका. शंकूची, म्हणजे सावली पाडणाऱ्या पत्र्याची, कड इथे अक्षांशाएवढी, २० अंशांवरच हवी. उत्तर दिशा शोधताना लोखंडी जाळीशेजारी होकायंत्रावर विसंबू नका.

कोरण्याची घाई तर नकोच. कागदी तबकडी फळीवर चिकटवून दिवाळीच्या सुमारास उन्हात ठेवा, १९-२० मिनिटं मिळवून मोबाईलशी ताडून बघा. जुळलं तरच पत्रा कोरायला टाका.